हाईट वाढवून देता, ब्रेकचं कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डातनं रत्नागिरीकडं गूळ घेऊन जाणारा पिकअपवाला. सध्या आमच्यात गाडीची हाईट वाढवायचं लई खूळ आलंय, बाहेरचं किट आणायचं, मागच्या पाट्यात, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक पान जादा टाकायचं, पुढं टॉर्शन बारचा, म्हणजे स्प्रिंगसारख्या पिळणाऱ्या दांड्याचा, बोल्ट आवळायचा, झाली गाडी दोन इंच वर. मी पण करून घेतलं, कारण लोड घातला की मागनं बसायची. गॅरेजवाल्यानं दोन तासात गाडी हातात दिली, एका चाकाला मापाचा टेप लावला नाही.

आंबा घाट उतरताना साखरप्याच्या अलीकडं जळका वास यायला लागला. सेकंड गिअरमध्येच होतो तरी पेडल खाली खाली जायला लागलं. कशीबशी कडेला घेतली, उतरून बघतोय तर पुढच्या चाकांजवळ हात नेता येईना आणि मागचे ड्रम नुसते कोमट. घरी येईपर्यंत छाती धडधडत होती, खोटं कशाला सांगू.

उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींनी मला गाडीखाली झोपवून दाखवलं. मागच्या ब्रेकच्या लाईनवर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी खाली मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगला जोडलेली. गाडी भरली की चासी खाली येते, दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जादा प्रेशर मिळतं, रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी घसरत नाही. आता किटनं चासीच वर उचलली, मग व्हॉल्व्हला भरलेली गाडी पण रिकामीच वाटणार आणि सगळा ताण पुढच्या ब्रेकवर. टॉर्शन बार आवळला म्हणजे गाडी जास्त वजन झेलते हा पण गैरसमजच, बार तेवढाच कडक राहतो, फक्त हाईट वाढते आणि चाकाला खाली जायला जागा कमी उरते, मग खड्ड्यात खाडकन आवाज येतो.

मी जादाचं पान काढायला लावलं. मिस्त्रींनी आधी सपाट फरशीवर गाडी घेतली, हवा चेक केली, मग हबच्या मध्यापासनं मडगार्डच्या कडेपर्यंत चारी चाकांची मापं खडूनं लिहिली. डावी-उजवीत १४ मिलिमीटरचा फरक! टॉर्शन बारचा बोल्ट फिरवायच्या आधी जॅक लावून भार काढला, गाडी टेकवल्यावर चार-पाच फूट पुढंमागं ढकलून बसू दिली आणि मगच परत मोजलं, कारण टेकवल्या टेकवल्या माप खोटं येतं. चाक धरणाऱ्या आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट पण चाकं जमिनीवर असतानाच शेवटचे आवळले, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट आणि हेडलाईटची लेव्हल. इतके दिवस माझा लाईट समोरच्याच्या डोळ्यात जात होता हे तेव्हा कळलं, घाटात रात्री याचं काय होतं ते गाडीवाल्यांना सांगायला नको.

परवानगीशिवाय असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून नाही, कलम १८२ए मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. मी आधी विचारलं नाही ही माझी चूक. पण गॅरेजवाल्यांना हात जोडून विनंती आहे, सस्पेन्शनला हात लावलात की आधीची आणि नंतरची चारी चाकांची मापं बिलावर लिहून द्या, व्हॉल्व्हची दांडी बघा. आणि आरटीओनं सीझनच्या आधी मार्केट यार्डातच एक दिवस ब्रेक आणि हेडलाईट तपासणी ठेवावी, आम्ही गाड्या रांगेत लावतो.

आपला,
एक पिकअपवाला, कोल्हापूर