मोजपट्टी तुम्हीच दिली होती: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

नागपूर, २८ जून २०२१

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

महोदय, ४ जूनच्या आदेशात शासनाने सांगितले होते की, ज्या जिल्ह्यात कोरोना चाचण्यांमध्ये बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांखाली आणि ऑक्सिजनच्या २५ टक्क्यांहून कमी खाटा भरलेल्या असतील, तेथे सर्व व्यवहार नेहमीप्रमाणे सुरू होतील. नागपूर त्या पहिल्या, म्हणजे सर्वांत मोकळ्या, स्तरात बसले. त्या शब्दावर विसंबून मी शहराच्या महाल भागातील माझी खाणावळ उघडली, पोळ्या लाटणाऱ्या दोघींना गावाहून बोलावले आणि किराणा उधारीवर भरला. २५ जूनला दुसरा आदेश निघाला: जिल्ह्याचे आकडे काहीही असोत, तिसऱ्या स्तराहून अधिक मोकळीक कोणालाच नाही. आजपासून दुपारी चारला पंगत बंद, शनिवार-रविवारी फक्त पार्सल. माझी निम्म्याहून अधिक गिऱ्हाइके रात्री जेवायला येतात.

कारण डेल्टा प्लस या कोरोना विषाणूच्या नव्या प्रकाराचे दिले गेले. राज्यात त्याचे २१ रुग्ण जाहीर झाले, त्यांपैकी ९ रत्नागिरीत, ७ जळगावात. नागपूरचा एकही नाही. तरीही विषाणूचा नवा प्रकार घातक असू शकतो, हे मला कोणी शिकवायला नको. एप्रिलमध्ये माझ्या थोरल्या भावासाठी ऑक्सिजनची खाट शोधत आम्ही रात्रभर शहर पालथे घातले. सकाळी खाट मिळाली तेव्हा त्याला श्वास उरला नव्हता. त्याची दोन मुले आता माझ्याकडे आहेत, आणि त्यांचे पोट याच खाणावळीवर आहे. म्हणून निर्बंधांना माझा विरोध नाही; ते कधी आणि कशावरून लावता, याबद्दल मी विचारतो आहे. अमरावतीत २२ फेब्रुवारीलाच टाळेबंदी करावी लागली होती, मग राज्यभराचे कडक निर्बंध जाहीर व्हायला ४ एप्रिल का उजाडावा लागला? त्या सहा आठवड्यांत शासन कोणत्या आकड्याची वाट पाहत होते, आणि आता आकडे उतरत असताना कोणत्या आकड्याने ते धास्तावले, हे आम्हाला कोणीही सांगितलेले नाही.

ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारे हे आदेश निघतात, त्यात सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण आहे. आदेशाने ज्याची चूल विझते त्याला मात्र काहीच नाही. एप्रिलमध्ये परवानाधारक रिक्षाचालकांना आणि नोंदणीकृत फेरीवाल्यांना १,५०० रुपये जाहीर झाले, तेही तुटपुंजेच. आम्ही कोणत्याच यादीत नव्हतो. सव्वाशे वर्षांत राज्यकर्ते बदलले, पण प्रजेला हुकूम ऐकवायचा आणि कारण विचारू द्यायचे नाही, ही रीत बदलली नाही.

निर्बंध कोणत्या आकड्याला वाढतील आणि कोणत्या आकड्याला उतरतील, हे आधी जाहीर करा, आणि मध्येच मोजपट्टी बदलायची असेल तर त्यामागील तज्ज्ञांचा सल्ला आदेशासोबतच प्रसिद्ध करा. बंद काळातील परवाना शुल्क आणि विजेचा स्थिर आकार माफ करा. याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

आपला,
महालातील एक खाणावळचालक