उदगीरच्या मामांना, सुतळीच्या दुसऱ्या गाठीबद्दल

मामा, रामराम. नातवाकडून हे मोबाईलवर वाचून घ्या.

मागच्या पावसाळ्यात माझी म्हैस गेली. घराचं बांधकाम चालू असताना सेंट्रिंगवाल्यांनी बाइंडिंग तारेचे तुकडे कडब्याच्या बनमीजवळ तसेच टाकले होते. त्यातला एक वैरणीतून पोटात गेला अन् तिथून काळजात घुसला. डॉक्टर म्हणाले, जनावर नीट चावत नाही, आधी गिळतं. तेव्हापासून मी मेटल डिटेक्टर घेऊन खळं अन् गोठा धुंडतोय. पण खांदा दुखरा, यंत्राची दांडी जड. दहा मिनिटांत हात भरून यायचा.

एका वर्कशॉपवाल्यानं लोखंडी पाइप बसवून दिला. माझ्याकडं बघितलंही नाही, फोनवर बोलता बोलताच पाइप कापला. यंत्र स्वतःच्याच दांडीवर ओरडत सुटलं! दुसऱ्यानं डोळा मिचकावून विचारलं, "गुप्तधन का?" अहो, १८७८ चा कायदा आहे, १० रुपयांवरचं धन जमिनीत सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. माझ्या नशिबी नुसते खिळे.

मग तुमच्या बांबूकामाच्या दुकानात आलो. तुम्ही हातातलं विणायचं सूप खाली ठेवून एवढंच विचारलंत, "दुखतंय कुठं?"

मग कोपरापासून जमिनीपर्यंत सुतळी धरली, गाठ मारली. थांबलात. "पायात घाला की. शेतात अनवाणी फिरता का?" चपला घालून पुन्हा मोजलं, जुनी गाठ सोडून दुसरी मारली. मामा, त्या दुसऱ्या गाठीला माझे डोळे भरून आले. शिंपी सोडला तर उभ्या जन्मात माझं माप कुणी घेतलं नव्हतं.

दांडी काय सांगू! पोकळ बांबू, विस्तवावर सरळ केलेला, लोखंडाचा कण नाही. बॅटरीचा डबा कोपराच्या मागं नेलात अन् पुढची ताटली हातात तरंगायला लागली. यंत्र तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होतात. पण माणूस बघितला होता ना, तेवढं पुरलं. पहिल्याच आठवड्यात डालड्याचा डबा अर्धा भरला, तारा अन् बारीक खिळे.

गेल्या गुरुवारी दुकानावरून गेलो, तुम्ही नव्हतात. सुतळी खुंटीला तशीच लटकत होती, गाठीसकट.

येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतावर या. भज्जी, आंबिल सगळं असेल. मूठ जराशी सैल झालीय, तीही बघा.