भाड्याच्या घरातली ओल: गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मुंबई-ठाण्यात शाळा सुरू होण्याआधी, एप्रिल-मेमध्ये, लोक भाड्याचं घर शोधतात. तेव्हा भिंतींना ताजा रंग असतो. जुलैत त्याच रंगाचे पोपडे निघतात, कपाटामागे काळी बुरशी चढते, गाद्यांना कुबट वास येतो. मालकाला फोन केला की ठरलेलं उत्तर येतं: तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरातच वाळत घालता.

यात थोडं तथ्य आहेच. स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ कोंडली की गार भिंतीवर, विशेषतः पलीकडे एसी चालू असेल त्या भिंतीवर, तिचं पाणी होतं. एक्झॉस्ट फॅन चालू ठेवणं, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणं हे आमचं काम, ते आम्ही करतो. पण बाहेरच्या गिलाव्याला तडा असेल, वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग संपलं असेल, तर खिडकी उघडून काय होणार? ओल्या भिंतीवर नवा रंग फासला की पाणी आतच अडतं आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतं. एवढं होऊन घर सोडताना ते डाग आमच्या डिपॉझिटमधून कापले जातात. हा उघड अन्याय आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घराची दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे. नोटीस देऊनही त्याने ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे घर फक्त वापरायची परवानगी देणाऱ्या करारावर, राहणारे आम्ही कायद्याने भाडेकरू नाही, परवानाधारक आहोत; म्हणून या कलमाचा आधार आम्हाला मिळत नाही.

इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या बुरशीमुळे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक घरांना, म्हणजे पालिका किंवा गृहसंस्थांच्या कमी भाड्याच्या घरांना, लागू झाला. धोकादायक ओलीची तक्रार आली की दहा कामकाजाच्या दिवसांत तपासणी करावीच लागते.

आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचे करार शासनाच्या संकेतस्थळावर नोंदवता येतात. त्या मसुद्यात एवढं घाला: ताबा देताना भिंतींचे फोटो जोडावेत, बाहेरून किंवा वरून झिरपणाऱ्या पाण्याची दुरुस्ती मालकाने ठरावीक मुदतीत करावी, भर पावसात काम होणार नसेल तर तोवर भाडं कमी करावं, आणि त्या ओलीपोटी डिपॉझिटला हात लावू नये. पुढच्या मे महिन्यात होणाऱ्या करारांना तरी हे लागू व्हावं, ही विनंती.

आपला,
मुंबईतला एक परवानाधारक