बाळंतिणीच्या मनाचीही विचारपूस व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत कोल्हापुरात अजून बऱ्याच घरांत पाळली जाते. गेल्या वर्षी आमच्या घरीही शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांत मी काही कमी पडू दिले नाही. पाचवीला बायकांनी खोली भरली, सटवाई बाळाच्या कपाळी काय लिहील याची चर्चा रंगली. पण कानाला रुमाल बांधून कोपऱ्यात बसलेल्या माझ्या लेकीला, दूध पुरते का, यापलीकडे कोणी काही विचारले नाही. महिन्याभराने एका दुपारी ती म्हणाली, "आई, हे बाळ माझंच आहे ना? मला तसं काही वाटतच नाही." आम्ही नाही का मुले वाढवली, असे म्हणून मी तिला गप्प केले. वाढवली खरी, पण माझ्या पहिल्या बाळंतपणात तोंड धुण्याच्या निमित्ताने मोरीत जाऊन मीही रडत असे, हे मी सोयीस्करपणे विसरले होते. लेक पुढे समुपदेशनाने सावरली, तरी माझे ते वाक्य मला अजून सलते.

मुलगी वयात येते तेव्हा तिचे शरीर, स्वभाव आणि घरातले स्थान एकाच वेळी बदलते, हे आपण समजून घेतो. स्त्री आई होते तेव्हाही असेच स्थित्यंतर घडते, असे सांगून अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफेल यांनी १९७३ मध्ये त्याला 'मॅट्रेसन्स' हे नाव दिले. आपल्याकडे ओली बाळंतीण, लेकुरवाळी असे शब्द आहेत, परंतु त्यांत शरीर आहे, कडेवरचे मूल आहे, मन नाही. बाळावर जीव जडलेला असतानाच पूर्वीची झोप, नोकरी, घटकाभराचे एकटेपण हवेसे वाटणे या काळात स्वाभाविक आहे. त्याला कृतघ्नपणा म्हणू नये आणि लगेच आजारही ठरवू नये.

आजार निराळा. पहिल्या दहा-पंधरा दिवसांतले रडू बहुधा आपोआप ओसरते; त्यानंतरही उदासी राहिली, बाळ झोपलेले असतानाही आईला झोप लागेना, तर डॉक्टरांना दाखवले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये भारतातील ३८ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला; त्यानुसार सुमारे २२ टक्के मातांना प्रसूतीनंतरचे नैराश्य आढळते.

रुग्णालयात प्रसूती झाल्यावर आशा सेविकांनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यावे, अशी योजना आहेच. त्यांपैकी शेवटच्या दोन भेटींत, १९८७ मध्ये तयार झालेली, बाळंतिणीचे नैराश्य ओळखायला मदत करणारी एडिंबराची दहा प्रश्नांची प्रश्नावली सोप्या मराठीत विचारली जावी, त्यासाठी सेविकांना प्रशिक्षण आणि वाढीव मानधन मिळावे (फुकटची कामे त्यांच्यावर आधीच पुष्कळ आहेत), आणि गरजू मातेला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची वाट ठरलेली असावी. मानसिक आरोग्यासाठीची शासनाची 'टेली मानस' ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवाही माता-बाल आरोग्य कार्डावर ठळक छापता येईल. मात्र प्रश्न विचारताना आई किंवा सासू खोलीत नसावी. मी तिथे बसले असते, तर माझ्या लेकीने 'सगळे ठीक आहे' असेच सांगितले असते.

— एक आजी, मंगळवार पेठ, कोल्हापूर