पोरं आळशी नाहीत, गाण्याचा पैसा मधेच जातो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला रॅपर पोरांवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळी लिहायला बसलोय. 'टॅलेंट आहे पण सातत्य नाही' म्हणून लेखकांनी सगळ्या पोरांना एका फटक्यात निकाली काढलं. पुरावा काय, तर मुंबईच्या नेझी नावाच्या रॅपरने २०१४ मध्ये आयपॅडवर गाणं केलं आणि नाव कमावलं, मग बाकीच्यांना काय धाड भरलीय? साहेब, त्याला दहा वर्षं होऊन गेली. आता घरोघरी पोरं तेच करतायत, अडचण गाणं केल्यानंतर सुरू होते.

माझा भाचा वऱ्हाडीत रॅप करतो. दिवसा मोबाइलच्या दुकानात असतो, रात्री लिहितो. गेल्या वर्षी कापसाच्या भावावरचं त्याचं गाणं चाललं, गावातली पोरं त्यावर रील करत होती, माझ्या ऑफिसातल्या शिपायाने मला ते ऐकवलं तेव्हा मी अभिमानाने सांगितलं की हा माझा भाचा. त्याची बीट, म्हणजे गाण्यामागचं तयार संगीत, त्याने नेटवरून १८०० रुपयांना लीजवर, म्हणजे वापरण्यापुरती, घेतली होती. अशी लीजची बीट एकट्याची नसते, बनवणारा ती पन्नास जणांना विकू शकतो. त्यातल्याच कुणीतरी स्वतःचं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे सारखं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, टाकून ठेवलं होतं, त्यामुळे मशीनने भाच्याच्या गाण्यावर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, लावला आणि जाहिरातींचा पैसा त्या अनोळखी माणसाकडे वळला! पोराला हे महिन्याभराने कळलं. हरकत घेतली, तर समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस. तोपर्यंत गाण्याचा जोर ओसरला होता आणि आधीचा पैसा गेला तो गेलाच. "मामा, गानं माह्यं अन् पैसे त्याले," एवढंच बोलला आणि जेवला नाही त्या दिवशी. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

आता सांगा, यात सातत्य कुठे कमी पडलं? मिक्सिंग-मास्टरिंगचे, म्हणजे रेकॉर्डिंगचा आवाज नीट करून घ्यायचे पैसे खिशातून, व्हिडिओचे खिशातून, गाणं अ‍ॅपवर चढवायचं तर डिस्ट्रिब्युटरची फी वेगळी. आणि गाणी ऐकायच्या स्पॉटिफाय अ‍ॅपने २०२४ पासून नियमच केलाय की १२ महिन्यांत १००० स्ट्रीम नसतील, म्हणजे गाणं तेवढ्या वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचा एक पैसासुद्धा मिळणार नाही. नवीन पोराची चार गाणी ९००-९०० वेळा ऐकली गेली तर हातात शून्य.

रॅपरवरचा 'गली बॉय' सिनेमा २०१९ ला आला तेव्हा वाटलं होतं आता दिवस पालटतील, पण मोठ्या कंपन्यांचं लक्ष मुंबईच्या हिंदी रॅपवरच राहिलं. पुण्याच्या एमसी स्टॅनला पोरं आधीपासून ऐकत होती, पण माझ्या बहिणीला, म्हणजे एका रॅपरच्या आईला, त्याचं नाव कळलं ते २०२३ मध्ये तो बिग बॉस जिंकल्यावर. गाण्याच्या जोरावर घराघरात जायचा रस्ताच नाही, आधी टीव्हीवर दिसावं लागतं, आणि अकोल्याच्या पोराने मुंबईला जाऊन ऑडिशनसाठी किती दिवस राहायचं, कुणाच्या घरी राहायचं, दुकानाची सुट्टी कोण देणार, हे लेखकांनी कुणाला विचारलंय का? एकाही पोराशी बोलल्याचं लेखात दिसत नाही.

आणखी एक, राग मानू नका. मागे आमच्याकडे पोरांनी स्वतः वर्गणी काढून कार्यक्रम केला, दोनेकशे लोक आले होते. बातमी फोटोसकट तुमच्या जिल्हा कार्यालयात मी स्वतः दोनदा नेऊन दिली. छापली नाही. त्याच आठवड्यात जुन्या हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्राला अर्धं पान होतं. ऑर्केस्ट्राही छापा, माझी ना नाही, पण या पोरांना चार ओळी मिळाल्या असत्या तर पुढच्या वेळी हॉलवाल्याला दाखवायला कात्रण तरी झालं असतं.

भाच्याने आता लीजची बीट घेणं सोडलंय, मित्राकडून बनवून घेतो. नवीन गाणं पुढच्या महिन्यात येतंय, बातमी घेऊन मी परत येणार आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, अकोला