कंपनीचं नाव काय लिहायचं?

संपादक महोदय,
नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून बातमी येत असते, मॉडिफाय केलेल्या गाड्यांवर कारवाई, सायलेन्सर जप्त, सोबत पोलिसांचा फोटो. वाचून बरंच वाटतं, कारण आमच्या मानकापूरच्या गल्लीतून रात्री साडेअकराला जो बुलेटवाला फटाके फोडत जातो त्याच्यासाठी माझ्या तोंडी काही चांगले शब्द नाहीत. पण त्या बातमीत "मॉडिफाय" हा एकच शब्द सगळ्यांना लावून मोकळे होतात ना, तिथे मला राहवत नाही, कारण माझीही एक गाडी त्याच शब्दात बसते आणि ती गेलं दीड वर्ष घराच्या कंपाउंडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे.

थोडं सविस्तर सांगतो. माझं हिंगणा एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांची १९६८ ची जीप होती, ती घरामागे सडत पडली होती, पत्रा असा की बोट लावलं तर आरपार. लॉकडाऊनमध्ये काम बंद, हात शिवशिवायला लागले, मंग तिची चेसिस बाहेर काढून साफ केली आणि डोक्यात आलं की हिची परत जीप नाही करायची, हॉट रॉड करायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी घ्यायची, तिचं फालतू वजन काढून टाकायचं, बॉनेट उघडं, मोठं इंजिन, मागचे टायर जाड. अमेरिकेत कॅलिफोर्नियातली पोरं १९३२ ची फोर्ड घेऊन हे करायची, दुसऱ्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी तं त्याचं येडच लावलं, आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानावर ते या गाड्या पळवायचे. आपल्याकडे ३२ ची फोर्ड कुठून येणार, आपल्याकडे जीप आहे. इंजिन टाकलं ॲम्बेसेडरचं, ते इसुझुचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन, जे अजूनही भंगारात कोणी कोणी सांभाळून ठेवतो. बॉडी कामठी रोडच्या एका डेंटिंगवाल्या चाचांनी हातानं ठोकून दिली, त्यांचं वय सत्तरच्या पुढे, हातोडी चालवताना तोंडातला खर्रा पण हलत नाही. पुढे ड्रम काढून डिस्क ब्रेक लावले. चार वर्षं रविवार-रविवार गेले आणि बायकोनं बोलणं सोडून दिलं होतं, म्हणजे गाडीबद्दल.

गाडी तयार झाली, आता पासिंग करायचं. नागपुरात आरटीओची एमएच ३१, ४० आणि ४९ अशा तीन नंबरांची तीन ऑफिसं आहेत, त्यातल्या कोणत्यात गेलो ते लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांची चूक नाही, ते बिचारे समोर जो फॉर्म आहे तोच भरणार. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "मेकर कोण?" म्हटलं मीच. "नाही हो काका, कंपनी कोणती?" म्हटलं कंपनी नाही, घरी बनवली. त्यांनी कॉम्प्युटरवर ती मेकरवाली यादी वरून खाली फिरवून मला दाखवली आणि म्हणाल्या, "यात तुमचं नाव कुठे आहे तुम्हीच सांगा." मागे लाइनीत उभा असलेला एक जण हसला, मीही हसलो, करणार काय. मंग त्यांनी विचारलं की फॉर्म २२ कोण देणार? फॉर्म २२ म्हणजे बनवणाऱ्या कंपनीनं दिलेलं सर्टिफिकेट, की ही गाडी रस्त्यावर चालायच्या लायक आहे आणि धुराचे-आवाजाचे नियम पाळते. आणि कंपनी ते देऊ शकते कारण तिनं आधी नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडीचा नमुना टेस्ट करून घेतलेला असतो. हजारो-लाखो गाड्या विकायच्या असतील तं तो खर्च परवडतो. माझी गाडी एकच आहे. तिचा नमुनाही तीच आणि माल पण तीच.

तिथेच एक इन्स्पेक्टर साहेब होते, चांगला माणूस, गाडीचे फोटो मोबाईलवर झूम करून करून पाहिले, डिस्क ब्रेक पाहून "भारी काम आहे भाऊ" म्हणाले, आणि मंग शांतपणे कायदा सांगितला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीनं मूळ जे ठरवलंय त्यात फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही हेच पक्कं केलं, केरळच्या एका केसमध्ये, की राज्याचे नियम काहीही म्हणोत, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाही. आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ए आलं, त्यात परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद नाही तं प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे नीट वाचा. मी घरी येऊन मोजायला बसलो, इंजिन एक, बॉडी दोन, ब्रेक तीन, चाकं चार, सायलेन्सर पाच, लाइट सहा, तीस हजारावर आल्यावर मोजणं सोडलं.

आता कायद्यात सगळंच बंद आहे असंही नाही. सीएनजीचं मान्यता असलेलं किट बसवता येतं, मान्यतेचं किट असेल तर जुनी गाडी इलेक्ट्रिक पण करता येते, दिव्यांग माणसाला आपल्या वापरासाठी गाडीत बदल करून नंतर मंजुरी घेता येते. हे फार चांगलं आहे, आमच्या गल्लीत एक ताई बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर चालवतात आणि रोज सीताबर्डीला ड्युटीला जातात. म्हणजे कंपनीनं दिलं त्यापेक्षा वेगळी गाडी रस्त्यावर येऊ शकते हे सरकारला मान्य आहे, फक्त आमच्यासारख्यांसाठी खानाच ठेवलेला नाही.

आणि खाना नसला की काय होते ते सांगतो. ऑफिसच्या बाहेर, चहाच्या टपरीवर, मी अजून कप उचलला नव्हता तोवर एक एजंट येऊन बसला. "काका, टेन्शन काहून घेऊन राह्यले? एक जुनी आरसी देतो, जीपचीच, गाडी कापल्या गेली पण कागद जिवंत आहे, तुमच्या चेसिसवर तो नंबर मारून घ्या." मी लेथवाला, नंबर पंच करणं माझ्यासाठी दहा मिनिटांचं काम, आणि त्याला ते माहीत होतं. मी नाही म्हटलं. साधुसंत आहे म्हणून नाही, पण उद्या वर्धा रोडवर कोणाला धक्का लागला तं इन्शुरन्सवाला पहिले चेसिस नंबर पाहतो, मंग क्लेम गेला आणि वरून फोर्जरीची केस. पण मला खात्री आहे की माझ्यामागे लाइनीत जे असतील त्यातले निम्मे हो म्हणत असतील. रस्त्यावर ज्या उंच-उंच, जाड टायरवाल्या उघड्या जीपा फिरतात, हरियाणातल्या मंडी डबवालीहून बनून येणाऱ्या पण त्यात आल्या, त्यातल्या किती कागदावर अजून "जीप, मूळ स्थितीत" असतील ते देव जाणे. चोरीच्या गाडीचा माल पण याच वाटेनं पचतो बाप्पा.

अमेरिकेतही हीच भानगड होती. तिथे गाडीचे दोन कागद असतात, एक रजिस्ट्रेशन म्हणजे रस्त्यावर चालवायचं, आणि एक टायटल म्हणजे ही गाडी कोणाची आहे ते. आपल्याकडे आरसी हेच दोन्ही काम करते. तर तिथे लोक फायबरची नवी बॉडी, नवी चेसिस, नवं इंजिन घ्यायचे आणि एखादं ३२ च्या फोर्डचं जुनं टायटल शोधून गाडी त्या नावावर चढवायचे, टॅक्स वाचला, धुराची तपासणी वाचली. मंग कॅलिफोर्नियानं २००१ मध्ये कायदा केला. घरी बांधलेली गाडी ही वेगळी जात मानली, वर्षाला पहिल्या ५०० गाड्यांना सवलत दिली की गाडी ज्या सालच्या मॉडेलसारखी दिसते, त्या सालाप्रमाणे तिची धुराची तपासणी होईल. त्याआधी हायवे पोलीस गाडी पाहतात, पार्ट्सच्या पावत्या पाहतात की चोरीचं काही नाही ना, आणि लागला तर नवा ओळख नंबर देतात. प्रत्येक राज्याचं वेगळं आहे, बऱ्याच राज्यांनी १९४८ पर्यंतच्या गाडीला स्ट्रीट रॉड आणि त्यानंतरच्या पण निदान २५ वर्षं जुन्या मॉडेलला कस्टम अशी दोन नावं दिली, आणि अट घातली की ही रोज ऑफिसला न्यायची गाडी नाही, मेळावे, परेड, कधीमधी फेरफटका एवढंच. ब्रिटनमध्ये ज्या गाडीचं वय किंवा ओळख नक्की सांगता येत नाही तिला क्यू अक्षराचा नंबर मिळतो, म्हणजे विकत घेणाऱ्याला लांबूनच समजते की हे खिचडी प्रकरण आहे.

इथे कोणी म्हणेल की आपल्याकडे व्हिंटेजचा नियम आहे ना. आहे, २०२१ च्या जुलैत आला आणि चांगला आहे. ५० वर्षांवरची गाडी, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल झालेला नको. म्हणजे गंमत पहा, वडिलांची जीप मी तशीच दुरुस्त करून उभी केली असती तं आज ती व्हिंटेज म्हणून मिरवली असती. मी तिचं इंजिन आणि बॉडी बदलली, म्हणून ती कुठलीच नाही.

अजून एक गोष्ट खटकते. २०१८ मध्ये केंद्रानं नियम केला की परदेशात पास झालेली गाडी कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत इथे वेगळी टेस्ट न करता आणता येते. माझी तक्रार नाही, आणू द्या, पण थोड्या गाड्यांसाठी वेगळा दरवाजा करता येतो हे तर त्यातून सिद्धच झालं. आणि आपला माणूस? सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, तिथल्या एका कारागिरानं भंगारातून छोटी जीप बनवली होती, किक मारून चालू होणारी, २०२१ च्या शेवटी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली, पण तेव्हाच हेही लिहिलं होतं की नियमात बसत नाही म्हणून ही गाडी आज ना उद्या थांबवल्या जाईल. म्हणजे कौतुक झालं, बक्षीस मिळालं आणि गाडी गेली कंपनीकडे. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं पण पिथमपूरच्या बाहा स्पर्धेसाठी वर्षभर राबून गाडी बनवतात आणि ती टेम्पोत घालून नेतात, टेम्पोत घालून आणतात.

आता कोणी म्हणेल, मंग काय उद्या कोणीही वेल्डिंग मारून रस्त्यावर येईल का? अजिबात नको. मी तीस वर्षं लोखंडात आहे, कच्चं वेल्डिंग मला लांबून दिसते आणि मी स्वतः माझ्या ओळखीच्या चार जणांनी बनवलेल्या गाडीत बसणार नाही, नावं सांगत नाही. म्हणूनच तपासा म्हणतो. एका गाडीची तपासणी, कागदाचा नमुना नाही, खरी गाडी समोर उभी करून. चेसिसचे जोड, स्टिअरिंग, ब्रेक, लाइट, आवाज, धूर. राज्यात वर्षाला शंभर-दोनशेचा कोटा ठेवा, फी वीस हजाराची पन्नास करा, रोजच्या वापरावर बंदी घाला, नंबरप्लेट वेगळ्या रंगाची द्या, चालेल. इंजिन-गिअरबॉक्सच्या पावत्या मागा, ही मात्र अडचण आहे कारण भंगारवाला पावती मागितली की आपल्याकडे असा पाहतो जशी किडनी मागितली, पण अट आली तं तोही शिकेल. थर्ड पार्टी इन्शुरन्स तर पाहिजेच. आणि ज्याची गाडी नापास होईल त्याला लेखी सांगा की काय दुरुस्त करून आणायचं, नुसतं "होत नाही" नको.

कायदा दिल्लीत बदलायचा आहे हे मला समजते, इथल्या खिडकीवर नाही. पण ते खातं २०१४ पासून नागपूरच्याच खासदारांकडे आहे, आणि गडकरी साहेबांना गाड्यांचा, नव्या इंधनाचा, जुगाडाचाही शौक आहे हे अख्ख्या शहराला माहीत आहे. त्यांच्या ऑफिसला मी एक पत्र पाठवलं आहे, हे दुसरं तुमच्याकडे, छापताना लांबलं तर अमेरिकेचा भाग कापा पण फॉर्म २२ चा कापू नका.

गाडी दर रविवारी सकाळी कंपाउंडच्या आतच स्टार्ट करतो, चार फूट पुढे, चार फूट मागे, इंजिन जाम होऊ नये म्हणून. शेजारच्या लहान पोरांना मागे बसवतो, त्यांना तेवढंच पुरते. आरटीओतल्या किंवा टेस्टिंगवाल्या कोणाला पाहायची असेल तं माझा पत्ता तुमच्याकडे दिलेला आहे, फक्त आदल्या दिवशी फोन करून यावं, बॅटरी काढून घरात ठेवलेली असते.

आपला एक वाचक,
मानकापूर, नागपूर