छोट्या रॉकेटांचे खरे श्रेय मोटारीला

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या छोट्या रॉकेटांवर आलेला लेख वाचला. रॉकेटांचे आकार आणि स्पर्धा यांची माहिती त्यात पुष्कळ आहे. मात्र ज्या भागामुळे हा छंद शाळकरी मुलांच्या हाती देता आला, त्या मोटारीची, म्हणजे रॉकेटला रेटा देणाऱ्या इंधनाच्या नळकांड्याची, बोळवण लेखकाने दोन ओळींत केली आहे आणि या छंदाच्या प्रसाराचे सारे श्रेय अंतराळयुगाच्या उत्साहाला दिले आहे. वस्तुतः तो उत्साहच १९५७ मध्ये स्पुटनिक उडाल्यानंतर अमेरिकेत धोक्याचा ठरू लागला होता. जस्ताची पूड आणि गंधक धातूच्या नळ्यांत ठासून घरच्या घरी रॉकेट बनवणारी मुले जखमी होत होती, काही प्राणासही मुकली.

यावरचा उपाय त्याआधीच, १९५४ मध्ये, नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावचे पादत्राणांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी काढला होता. शोभेच्या दारूचा त्यांना नाद होता आणि त्यांचे बंधू रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती बनवत. कार्लाइल यांनी कागदी नळकांड्यात तळाशी अरुंद तोंड, त्यावर रेटा देणारी काळी दारू, त्यावर सावकाश जळणारा थर आणि सर्वांत वर छत्री (पॅराशूट) बाहेर ढकलणारी चिमूटभर दारू अशी रचना केली. दिवाळीतला बाण वर जातो तोही काळ्या दारूवरच, पण तो जळून संपतो. कार्लाइल यांचे रॉकेट छत्रीने खाली येई आणि मोटार बदलून पुन्हा उडवता येई. या कल्पनेचे पेटंट त्यांना १९५८ मध्ये मिळाले.

व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेले जी. हॅरी स्टाइन यांनी या मोटारीचे मोल ओळखले आणि ती विकण्यासाठी कंपनी काढली, परंतु एकसारख्या मोटारी पुरेशा संख्येने मिळणे ही मोठीच अडचण होती. दारू किती दाबून ठासली यावर तिच्या जळण्याचा वेग ठरतो. हाताने ठासलेल्या दोन मोटारी म्हणूनच क्वचित सारख्या वागतात. डेन्व्हरमधल्या शोभेच्या दारूच्या व्यवसायातील कुटुंबात वाढलेल्या व्हर्नन एस्टेस यांनी हे काम यंत्राकडे सोपवले. १९५९ मध्ये सुरू झालेले ‘मेबल’ नावाचे ते यंत्र सुमारे साडेपाच सेकंदांना एक मोटार तयार करी. माझ्या मते या छंदाच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना हीच, कारण तिच्यामुळे दारूला हात न लावता रॉकेट उडवणे लाखो मुलांच्या आवाक्यात आले.

एकसारखेपणा आल्यामुळेच मोटारीवर छापलेल्या ‘बी६-४’ यासारख्या खुणेला अर्थ आला. तिच्यातले अक्षर एकूण आवेगाचा, म्हणजे रेटा आणि तो टिकण्याचा वेळ यांच्या गुणाकाराचा, गट सांगते आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला त्याची कमाल मर्यादा दुप्पट होते. सहा हा न्यूटनमध्ये मोजलेला सरासरी रेटा आणि चार हे इंधन संपल्यापासून छत्री सुटेपर्यंतचे सेकंद.

काळ्या दारूची मर्यादाही लवकरच दिसली. कांडी लांब व जाड केली की तिला तडे जाण्याचा धोका वाढतो आणि तडा गेलेली मोटार फुटते. म्हणून १९७०च्या आसपास एनरजेटसारख्या नावांनी अमोनियम परक्लोरेट आणि रबरी बंधक यांचे संमिश्र इंधन छंदात आले. तेवढ्याच वजनात ते काळ्या दारूच्या दुपटीहून अधिक आवेग देते. आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे घन इंधन याच कुळातले आहे. पुढे १९९०च्या सुमारास एरोटेक या अमेरिकी कंपनीने ॲल्युमिनियमचे पुन्हा भरता येणारे कवच आणले. त्यात वापरणाऱ्याने कारखान्यात ओतलेल्या इंधनाच्या कांड्या, रबरी कड्या आणि तोटी एवढेच बसवायचे असते. इंधन कालवण्याचे काम तिथेही त्याच्याकडे येत नाही.

याच संमिश्र इंधनाला स्फोटक म्हणणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेविरुद्ध तिथल्या दोन रॉकेट संघटना २००० मध्ये न्यायालयात गेल्या आणि २००९ मध्ये वर्गीकरणाला पुरेसा तांत्रिक आधार नसल्याचे ठरून निकाल त्यांच्या बाजूने लागला. नऊ वर्षे चाललेल्या या वादाचा आपल्या लेखात उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते.

साखर आणि सोरा शेगडीवर वितळवून इंधन करण्याच्या चित्रफिती आज आपल्याकडच्या मुलांनाही सहज सापडतात आणि ‘स्वतः करून पाहा’ म्हणून त्यांचे कौतुकही होते. मुलांनी रॉकेटचे नाक, पंख आणि छत्री जरूर स्वतः करावी, इंधन मात्र करू नये. स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. पाच-सहा ग्रॅम दारूची, कारखान्यात तयार होऊन तपासली गेलेली मोटार एखाद्या शाळेला विकत घ्यायची असेल तर तिला कोणते नियम लागू होतात, हे तिथल्या अधिकाऱ्यांना विचारून आपण पुढच्या लेखात छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, नाशिक